पोचलीस की मिस्ड कॉल दे

कॉलेजात असताना दर रविवारी संध्याकाळी आई मला साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसवून द्यायची. गाडी हलायला लागली की खिडकीशी येऊन म्हणायची, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." गाडी वेळेवर सुटली, बसायला जागा मिळाली, ड्रायव्हर भला दिसतोय, यातलं काहीच तिच्या हिशेबात धरलं जात नसे. स्वारगेटला उतरून मी एक रिंग दिली की ती आडवी व्हायची. तोवर पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहायची.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि फिरत फिरत अशा कामावर येऊन पडले, जे नातेवाइकांना समजावता समजावता चहा गार होतो. ब्लॉकचेनवरून व्यवहार पाठवणाऱ्या यंत्रणेवर लक्ष ठेवायचं, हे ते काम. आमची कंपनी परदेशी कंपन्यांच्या वतीने देशोदेशीच्या फ्रीलान्सरांना स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेल्या नाण्यात, मोबदला पाठवते. पाठवायचं आम्ही, पोचवायचं इथेरियम किंवा पॉलिगॉनसारख्या साखळीने, आणि मधल्या वाटेवर नजर ठेवायची मी. सहा वर्षं झाली. आईचं ते वाक्य या कामाचं अख्खं पाठ्यपुस्तक आहे, हे कळायला मला बऱ्याच रात्री जागाव्या लागल्या. त्या रात्रींच्या या नोंदी.

१. आधी व्यवहार मोजा, यंत्र मग

पहिल्याच वर्षातली गोष्ट. रात्रीचे पावणेबारा. सपोर्टच्या मुलाचा फोन आला, "मॅडम, मनिलाची एक डिझायनर तिसऱ्यांदा विचारतेय, पैसे पोचले का म्हणून. काय सांगू?" मनिलात तेव्हा सव्वादोन वाजले होते. ती बाई जागी होती.

मी लॅपटॉप उघडला. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे. सीपीयू तीस टक्के, मेमरी मोकळी, नोड (साखळीशी जोडलेलं आमचं मशीन) चालू, एपीआयची जवळजवळ सगळी उत्तरं यशस्वी. आणि त्याच वेळी आमच्याकडून निघालेले त्रेचाळीस व्यवहार चाळीस मिनिटं कुठेच पोचलेले नव्हते.

चूक मोजमापात होती. आपण व्यवहार नोडला दिला की तो लगेच एक हॅश परत करतो, त्या व्यवहाराचा लांबलचक ओळखक्रमांक. आम्ही हॅश मिळाला की ‘यशस्वी’ अशी खूण करत होतो. हॅश हातात पडणं म्हणजे एसटीचं तिकीट हातात पडणं. कंडक्टरने तिकीट फाडलं म्हणून कोणी स्वारगेटला पोचत नाही.

त्यानंतर आम्ही व्यवहाराच्या प्रवासाचे थांबे लिहून काढले. विनंती आली, सही झाली, नोडला दिला, मेमपूलमध्ये म्हणजे ब्लॉकची वाट बघणाऱ्यांच्या प्रतीक्षालयात दिसला, ब्लॉकमध्ये म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात गेला, त्यावर पुरेसे ब्लॉक चढले, अंतिम झाला, आमच्या हिशेबवहीत नोंदला गेला. प्रत्येक थांब्याची वेळ टिपून ठेवायची. डॅशबोर्डच्या माथ्यावर आता सीपीयू नाही. तिथे एकच मोठा आकडा असतो: सर्वांत जुना न पोचलेला व्यवहार किती मिनिटांचा आहे. सीपीयू खाली आहे, लागला तर बघतो.

२. रांगेतला पहिला अडला की सगळी रांग अडते

ते त्रेचाळीस का अडकले होते? इथेरियमसारख्या साखळीवर प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना क्रमांक असतो, त्याला नॉन्स म्हणतात. क्रमांक चुकवून पुढे जाता येत नाही. ४८१७ झाल्याशिवाय ४८१८ ला कोणी विचारत नाही, मग त्याने फी कितीही दिलेली असो.

आमचा ४८१७ पाठवला तेव्हा बाजार शांत होता. दोन मिनिटांत गर्दी झाली, फी चढली आणि हा बिचारा जुन्या भावाची फी हातात धरून दारात उभा. मागच्या बेचाळीस जणांच्या हातात पुरेसे पैसे होते, पण पुढचा हलेना.

अशा वेळी त्याच नॉन्सचा दुसरा व्यवहार जास्त फी लावून पाठवायचा, म्हणजे तो पहिल्याची जागा घेतो. मी पाठवला. नोडने परत फेकला: बदली व्यवहाराची फी अपुरी. गेथ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इथेरियम सॉफ्टवेअरचा ठरीव नियम असा, की बदली व्यवहाराची कमाल फी आणि बक्षिसी (ब्लॉक बनवणाऱ्याला वर मिळणारी रक्कम) दोन्ही किमान दहा टक्क्यांनी जास्त हव्यात. मी घाईत एकच वाढवली होती. दुसऱ्यांदा दोन्ही वाढवल्या. पुढच्या ब्लॉकमध्ये ४८१७ गेला आणि पाठोपाठ घाट सुटल्यासारखी सगळी रांग धावत सुटली.

तेव्हापासून दोन गोष्टींवर डोळा असतो. खात्याचे पक्के झालेले आणि वाट बघणारे व्यवहार यांच्यातला फरक किती, हे एक. मधलाच एखादा क्रमांक गायब तर नाही ना, हे दुसरं. आणि सगळे पैसे एकाच खात्यातून पाठवायचे नाहीत. आता चार खाती आहेत. एक अडलं तर तीन चालतात.

३. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

या धड्याची फी सगळ्यांत जास्त भरली. आमच्याकडे दोन नोड होते आणि प्रश्न आलटूनपालटून दोघांकडे जायचे. एक दिवस त्यातला एक मागे पडला. बंद पडला असता तर बरं झालं असतं, कारण बंद पडलेला नोड लगेच कळतो. हा चालू होता, प्रत्येक प्रश्नाला चटकन उत्तर देत होता, फक्त त्याचं जग सात मिनिटं जुनं होतं.

आमच्या प्रणालीने त्याला विचारलं, या व्यवहाराची पावती आहे का? त्याने रिकामं उत्तर दिलं. त्याचा अर्थ एवढाच होता, की माझ्या माहितीत नाही. आमच्या कोडने त्याचा अर्थ लावला, व्यवहार झालाच नाही. आणि नव्या नॉन्सने पुन्हा पैसे पाठवले. दोन माणसांना दुप्पट मोबदला गेला. एकाने स्वतःहून परत केला. दुसऱ्याबद्दल आम्ही बोलत नाही.

म्हणून नोड जिवंत आहे का हे विचारून थांबायचं नाही, तो ताजा आहे का हेही विचारायचं. त्याच्याकडच्या शेवटच्या ब्लॉकवरची वेळ आणि आत्ताची वेळ यांतला फरक काढायचा, आणि त्याची उंची, म्हणजे तो कितव्या ब्लॉकवर आहे ते, दुसऱ्या, खरोखर स्वतंत्र स्रोताशी पडताळायची. ‘खरोखर स्वतंत्र’ यावर जोर आहे. ११ नोव्हेंबर २०२० ला गेथच्या जुन्या आवृत्तीतल्या एका दोषामुळे ती आवृत्ती चालवणारे नोड मुख्य साखळीपासून फुटून वेगळ्या वाटेला गेले. इन्फ्युरा या नोड पुरवणाऱ्या मोठ्या सेवेवर तेव्हा जुनीच आवृत्ती होती. तिच्यावर विसंबलेल्या असंख्य वॉलेटांना आणि अॅपना त्याचा फटका बसला, काही एक्स्चेंजनी इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, काढून घेणं थांबवलं. नोड दोन असून भागत नाही. दोघांवर एकच सॉफ्टवेअर असेल तर चूकही दोघं मिळूनच करतात. आम्ही त्यानंतर एकावर गेथ आणि दुसऱ्यावर नेदरमाइंड हे वेगळं सॉफ्टवेअर अशी जोडी ठेवली.

हे फक्त पैशांपुरतं नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा व्यवस्थेत दाखला पडताळणारा नवा व्यवहार करत नाही, तो फक्त वाचतो. प्रवेशाच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन केला आणि मागे पडलेल्या नोडने ‘सापडला नाही’ म्हटलं, तर समोरच्या कारकुनाला तो दाखलाच खोटा वाटेल. पाठवणाऱ्यांच्या वाटेवर सगळे नजर ठेवतात. वाचणाऱ्यांच्या वाटेवर क्वचितच कोणी ठेवतं.

४. ‘झालं’ हा शब्द तीनदा येतो

पहिल्यांदा व्यवहार ब्लॉकमध्ये जातो तेव्हा. पण ब्लॉकमध्ये गेलेला व्यवहार फसलेलाही असू शकतो. पावतीवर एक छोटा रकाना असतो, १ म्हणजे यशस्वी, ० म्हणजे फसला. फसला तरी गॅस, म्हणजे फी, कापली जातेच. ब्लॉकमध्ये दिसला की टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा रकाना आधी वाचावा. दुसरं ‘झालं’ या रकान्यात येतं.

तिसरं ‘झालं’ म्हणजे अंतिमता, जिच्यानंतर व्यवहार मागे फिरत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकाम सोडून ठेवीवर आधारलेली पद्धत स्वीकारली. तेव्हापासून दर बारा सेकंदांना एका ब्लॉकची संधी असते, ३२ संधींचं एक पर्व होतं आणि साधारण दोन पर्वांनी, म्हणजे तेरा-एक मिनिटांनी, ब्लॉक अंतिम ठरतो.

मे २०२३ मध्ये हे तिसरं ‘झालं’च थांबलं. ११ तारखेला सुमारे पंचवीस मिनिटं आणि १२ तारखेला तासाभराहून अधिक काळ इथेरियमवर काहीच अंतिम होईना. ब्लॉक अंतिम करणाऱ्या ठेवीदारांच्या जुन्या मतांची पडताळणी करता करता नोडवरची काही क्लायंट सॉफ्टवेअरं दमून गेली आणि पुरेशी मतं वेळेत पडेनात. गंमत म्हणजे ब्लॉक बनतच होते. व्यवहार आत जात होते. आमच्या डॅशबोर्डवर ब्लॉकची संख्या शिस्तीत चढत होती, दिवे हिरवेच, आणि हिशेबाच्या बाजूला मोठ्या रकमा ‘अंतिम होण्याची वाट’ या रकान्यात साचत होत्या. आम्हाला ते कळलं कसं? अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, "आज काही जमाच होत नाही का गं?"

आता एक वेगळा आलेख असतो: साखळीचं टोक आणि शेवटचा अंतिम ब्लॉक यांच्यातलं अंतर. एरवी ते चौसष्ट ते शहाण्णव ब्लॉकच्या आसपास खेळत असतं. त्यापुढे चढायला लागलं की मोठ्या रकमांना हात आखडायचा.

आणि प्रत्येक साखळीचं ‘झालं’ निराळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉनवर एकदा १५७ ब्लॉक मागे फिरले, म्हणजे पाचेक मिनिटांचा इतिहास पुसून नव्याने लिहिला गेला. इथेरियमवर बारा ब्लॉक पुरतात असं धरून तोच आकडा पॉलिगॉनला लावून मोकळं होणारे तेव्हा खडबडून जागे झाले. एका गावचा मुक्काम दुसऱ्या गावाला लावू नये.

५. सरासरी ही सगळ्यांत सभ्य खोटारडी

आमचा साप्ताहिक अहवाल बरेच दिवस सांगत होता, व्यवहार सरासरी अठरा सेकंदांत ब्लॉकमध्ये जातो. वरच्या लोकांना हा आकडा फार आवडायचा. मग टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, तक्रार करणारे लोक या अठरा सेकंदांत कुठे आहेत?"

ते त्यात नव्हतेच. शंभरातले नव्वद पुढच्या एकदोन ब्लॉकमध्ये जात होते आणि शेवटचे एकदोन जण पाच-सहा मिनिटं ताटकळत होते. आम्ही टक्केवारीच्या पायऱ्या मोजायला लागलो. निम्म्या लोकांना किती वेळ लागला, पंचाण्णव टक्क्यांना किती, नव्याण्णव टक्क्यांना किती. शेवटच्या पायरीने सगळी कथा सांगितली. ताटकळणारे बहुतेक एकाच खात्यातले निघाले. त्या खात्याची फी ठरवणारी सेटिंग कोणीतरी वर्षापूर्वी हाताने बदलली होती.

या मोजणीत अजून एक मेख होती. आमचा आलेख फक्त पोचलेल्या व्यवहारांचा वेळ धरायचा. जो अजून पोचलाच नाही, त्याचा वेळ कोणत्याच हिशेबात नाही. म्हणजे जितका गोंधळ मोठा तितका आलेख सुंदर! परतलेल्यांनाच विचारून घाट सुरक्षित असल्याचं ठरवण्यासारखं ते होतं. न पोचलेल्यांचं आत्तापर्यंतचं वयही मोजायचं, हे त्या दिवशी ठरलं.

६. फी हे हवामान आहे, दर आठवड्याने बघू म्हणून चालत नाही

ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर फीचा मूळ दर प्रत्येक ब्लॉकगणिक बदलतो. आधीचा ब्लॉक पूर्ण भरला असेल तर पुढचा दर साडेबारा टक्क्यांनी चढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब करून बघा. सलग सहा ब्लॉक भरले की दर दुप्पट, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत. वीस ब्लॉक भरले की दहापट, अवघ्या चार मिनिटांत. दर पाच मिनिटांनी फी तपासणारी प्रणाली या वादळात घराबाहेर पडून छत्री शोधते.

१ मे २०२२, महाराष्ट्र दिनाची सकाळ. सुट्टी होती, मी पोहे भिजवले होते. त्याच वेळी अदरसाइड नावाच्या एका मेटाव्हर्स खेळातल्या आभासी जमिनीची विक्री इथेरियमवर सुरू झाली. तेव्हा एरवी दोन आकड्यांत राहणारा गॅसचा दर हजारोंच्या घरात गेला. खेळातल्या प्लॉटसाठी लोक त्या प्लॉटच्या किमतीला लाजवील एवढी फी मोजत होते.

आमची फीवरची कमाल मर्यादा कामी आली. व्यवहार आपोआप थांबले. पण डॅशबोर्डवर ‘आम्ही थांबवलेले’ आणि ‘अडकलेले’ यांच्यात फरकच नव्हता, त्यामुळे तासभर तीन माणसं काहीच न बिघडलेली गोष्ट दुरुस्त करत बसली. पोह्यांचा लगदा झाला. मुद्दाम थांबवलेल्यांना तेव्हापासून वेगळा रंग आहे.

जाता जाता आणखी एक: फी भरण्यासाठी ठेवलेली शिल्लक नाण्यांत दाखवू नका, तासांत दाखवा. ‘१.४ इथर शिल्लक’ वाचून रात्री दोन वाजता कोणाला काही कळत नाही. ‘आत्ताच्या दराने साडेतीन तास पुरेल’ वाचलं की झोपेतला माणूसही उठतो.

७. दर सेकंदाचा आकडा हा बायोडेटातला छंद

कुठलीही साखळी स्वतःची ओळख करून देताना सेकंदाला किती व्यवहार ते सांगते. सोलानाचा आकडा हजारांत असतो, पण त्यात पडताळणी करणाऱ्यांची आपापसातली मतंही व्यवहार म्हणून धरलेली असतात आणि ती बरीच असतात. तुमच्या कामाचा आकडा एवढाच, की तुम्ही पाठवलेल्यांपैकी किती, किती वेळात पोचले. शिवाय तिथे व्यवहाराला मुदत असते. त्यात घातलेला ताजा ब्लॉकहॅश, म्हणजे अलीकडच्या ब्लॉकची ओळखखूण, साधारण मिनिट-दीड मिनिटात शिळा होतो आणि व्यवहार आपसूक बाद ठरतो. इथेरियमवरचा व्यवहार अडकून छळतो, इथला गुपचूप मरतो. दोघांची राखण एकसारखी होत नाही. आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला सोलाना सुमारे पाच तास पूर्ण थांबली होती. त्या पाच तासांत सेकंदाला किती, हा प्रश्नच नव्हता.

८. ज्याला उठवाल, त्याच्या हाताला काम असू द्या

आधीच्या नोकरीत बिटकॉइनचे व्यवहार बघायचे. दहा मिनिटांना एक ब्लॉक, असं वाचून मी भोळेपणाने अलर्ट लावला: तीस मिनिटं ब्लॉक आला नाही तर फोन वाजवा. फोन दिवसातून सहासात वेळा वाजायला लागला. आठवड्याभरात घरच्यांनी फोनला ‘तुझं तान्हं बाळ’ म्हणायला सुरुवात केली.

बिघाड काहीच नव्हता. ‘दहा मिनिटं’ ही सरासरी आहे आणि ब्लॉक सापडणं हा फाशांचा खेळ. दिवसाच्या १४४ ब्लॉकपैकी साधारण पाच टक्के ब्लॉकना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणारच. तासाभराची शांतता दोनतीन दिवसांतून एकदा येतेच. ज्या गोष्टीचा स्वभावच लहरी, तिच्या लहरीवर घंटा बांधली की वाईट वाजणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं होतं. कान बधिर होतात. खरी आग लागली त्या रात्री मी झोपेतच अलर्ट बंद करून कूस बदलली होती. सकाळी उठून लाज वाटली, ती अजून जात नाही.

आता नियम साधा आहे. रात्री फोन वाजला तर दोन गोष्टी ठरलेल्या असल्या पाहिजेत: कोणाचं तरी काम अडलंय, आणि उठणारा माणूस त्याबद्दल काहीतरी करू शकतो. यांपैकी एक जरी नसेल तर त्या अलर्टने सकाळच्या चहाबरोबर वाचायच्या यादीत जावं. इथेरियमवर एखादी बारा सेकंदांची संधी रिकामी गेली तर आमचा फोन वाजत नाही. गाडी चुकली तर माणूस पुढच्या गाडीने येतो.

९. डिस्क, घड्याळ आणि इतर कंटाळवाणे गुन्हेगार

ब्लॉकचेनमध्ये काम करणाऱ्यांना वाटतं, बिघाडही भारदस्त असणार. एक नोड रोज दुपारी तीनच्या सुमारास मागे पडायचा आणि रात्री आपोआप सावरायचा. आम्ही आठवडाभर नेटवर्कचे शेजारी, क्लायंटची आवृत्ती, साखळीवरची गर्दी, सगळं उकरलं. निघालं काय? क्लाउडवरची स्वस्त डिस्क. तिला वेगाचा कोटा असतो. तो संपला की मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक संपल्यावर जे होतं तेच. इथेरियमचा पूर्ण नोड टेराबाइटभर जागा खातो आणि सतत डिस्क खणत असतो. त्याला असल्या डिस्कवर बसवणं म्हणजे उसाच्या ट्रकला स्कूटरचं चाक. डिस्कला प्रत्येक वाचनाला किती मिलिसेकंद लागतात, हा आलेख तेव्हापासून पहिल्या पानावर आहे.

दुसरा गुन्हेगार घड्याळ. एकदा अहवालात दिसलं, काही व्यवहार पाठवण्याच्या चार सेकंद आधीच ब्लॉकमध्ये पोचलेत. आमच्या कंपनीने काळावर मात केली म्हणून दिवसभर हसलो. मग कळलं, एका मशीनचं घड्याळ पुढे पळत होतं आणि त्या मशीनवरून आलेला प्रत्येक आकडा महिनाभर खोटा होता. आधी घड्याळं जुळवा, मग वेळ मोजा.

१०. मिस्ड कॉल आला नाही, हाही निरोप असतो

शेवटचा धडा आईचा. आपण सगळे अलर्ट ‘काही वाईट घडलं तर’ या भाषेत लिहितो. पण देखरेख करणारी यंत्रणाच झोपली तर वाईट बातमी आणणार कोण? म्हणून आम्ही उलटं केलं. दर पाच मिनिटांनी आमच्याच एका खात्यातून दुसऱ्यात अगदी क्षुल्लक रक्कम निघते, सगळे थांबे घेत पोचते आणि पोचल्याची एक रिंग देते. ही रिंग ऐकणारा पहारेकरी वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या मशीनवर बसवलाय. त्याचं काम एकच: ठरल्या वेळात रिंग आली नाही तर गावभर बोंब मारायची.

पैसे वाचवायला सुरुवातीला ही फेरी आम्ही पॉलिगॉनच्या चाचणी साखळीवर ठेवली होती. पॉलिगॉन मुंबईत सुरू झालेला प्रकल्प, त्याच्या चाचणी साखळीचं नावही मुंबई. एप्रिल २०२४ मध्ये ती साखळी ठरल्याप्रमाणे बंद झाली. सूचना आधीच आली होती, आमच्या सामाईक मेलबॉक्समध्ये न वाचलेली पडून होती. सकाळी सहाला सगळ्यांच्या फोनवर पहारेकऱ्याचा संदेश: ‘मुंबई बंद आहे’. एकाने ताबडतोब आईवडिलांना फोन करून घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. हसून झाल्यावर ध्यानात आलं, की चाचणीच्या साखळीवरची रिंग चाचणीच्या साखळीबद्दलच सांगते. फेरी त्याच दिवशी खऱ्या साखळीवर हलवली. महिन्याला थोडे पैसे जातात. त्या त्रेचाळीस जणांच्या रात्रीपुढे ते काहीच नाहीत.

आणि अलर्टची भाषाही बदलली. पूर्वी फोनवर यायचं, ‘पेंडिंग ट्रान्झॅक्शनची मर्यादा ओलांडली’. आता येतं, ‘९ माणसं दहा मिनिटांहून जास्त वाट बघताहेत’. वाक्य बदलल्याने व्यवहार वेगाने जात नाहीत. पण अंथरुणातून उठायला लागणारा वेळ नक्की कमी झालाय, आणि त्या नऊ जणांनी विचारण्याआधीच त्यांना ‘उशीर होतोय, पैसे सुरक्षित आहेत’ असा संदेश जातो.

मागच्या दिवाळीनंतर आई एकटी साताऱ्याहून पुण्याला यायला निघाली. तिच्या फोनवर मी आधीच लोकेशन चालू करून ठेवलं होतं. निळा ठिपका खंबाटकी उतरला, शिरवळला दहा मिनिटं थांबला, कात्रजच्या बोगद्यात दिसेनासा झाला, बाहेर आला. बॅटरी चौसष्ट टक्के. माझ्याकडे तिच्या प्रवासाचा झकास डॅशबोर्ड होता, सगळं हिरवं. ठिपका स्वारगेटला येऊन थांबलेलाही मी पाहिला.

तरी मी ओट्यापाशी उभी होते. पुसलेलं पुन्हा पुसत.

हल्ली कॉल फुकट असतात, हे तिला शंभरदा सांगून झालंय. फोन एकदाच वाजला आणि कट झाला.